सहा महिन्यांच्या लेकराची तृष्णा कोणती आणि पाप कोणतं?

परभणी जिल्ह्यातल्या एका नर्सताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचं सहा महिन्यांचं बाळ तापात गेलं. घर बौद्ध, शेजार ख्रिस्ती. मातीला आलेला एक नातेवाईक म्हणाला, "मागचं काहीतरी असणार." शेजारच्या प्रार्थनेला येणारी एक बाई म्हणाली, "घरात पाप लपलेलं असलं की असं होतं, कबूल करा." तेव्हापासून बहीण धड जेवत नाही. ताई विचारतात, "विहारात ऐकलं, दुःखाचं मूळ तृष्णा. ख्रिस्ती लोक म्हणतात, पाप. मग सहा महिन्यांच्या लेकराची तृष्णा कोणती आणि पाप कोणतं?"

ताई, जयभीम.

बहिणीला सांगायचं ते आधी सांगतो, बाकीचं तुमच्यासाठी आहे. तिचं काही चुकलेलं नाही. बाळाचंही नाही. मी केवळ समजूत काढत नाही. हाच प्रश्न बुद्धांना विचारला गेला होता आणि येशूलाही विचारला गेला होता, आणि दोघांनीही विचारणाऱ्याला अडवलं होतं. मी 31 वर्षं मराठवाड्यातल्या कॉलेजांत पाली आणि बौद्ध तत्त्वज्ञान शिकवलं. दोन्ही धर्मांबद्दल लोक सगळ्यांत चुकीचं काय ऐकून येतात, तर ते हेच.

हा प्रश्न माझ्या घरचाही आहे. 1972च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायच्या कामावर जायची. आठ महिन्यांचा धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचा. त्याला हगवण लागली आणि तीन दिवसांत तो गेला. मी नऊ वर्षांचा होतो. कामावर मिळालेली सुकडी पदरात तशीच धरून आई बसायची आणि म्हणायची, "माझं काय चुकलं?" वस्तीतले एक जाणते गृहस्थ, नागपूरला स्वतः दीक्षा घेऊन आलेले, तिला म्हणाले, "बाई, तृष्णा सोड." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानंतर दोन वर्षं आई विहाराकडे फिरकली नाही. आईचे मामा जालन्याकडचे ख्रिस्ती. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती, त्या भागातल्या मंडळींत ते वाढलेले. ते आले, चार दिवस राहिले, पाणी भरलं, चूल पेटवली. आईने त्यांनाही तेच विचारलं. ते म्हणाले, "पोरी, मला माहीत नाही. मी पण विचारतोय." आईने त्यांच्या हातची भाकर खाल्ली.

म्हणून मोठेपणी दोन्हीकडचे ग्रंथ वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं. दुःखाचं कारण सांगताना हे लोक दुःखी माणसाला आरोपी करतात का?

संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली संग्रहांपैकी एकात, मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक, फिरता संन्यासी, राजगृहाच्या वेळुवनात बुद्धांकडे येतो. तो म्हणतो, काही श्रमण-ब्राह्मण सांगतात की माणसाला जे काही सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळे. आपलं काय म्हणणं? बुद्ध त्याला मोजून आठ कारणं देतात. पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतूतला बदल, शरीराची नीट काळजी न घेतली जाणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचा विपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठांतलं एक! आणि पुढे म्हणतात, सगळं पूर्वकर्मामुळेच असं जे म्हणतात ते स्वतःला ठाऊक असलेल्याच्याही पलीकडे धावतात आणि जगाला ठाऊक असलेल्याच्याही. तुम्ही नर्स आहात, ही यादी तुम्हाला ओळखीची वाटेल. ताप आहे, बदललेला ऋतू आहे, हेळसांड आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की जवळच्या केंद्रात त्या रात्री डॉक्टर नव्हते आणि परभणीला पोचेपर्यंत पहाट झाली. कारण शोधायचं तर ते तिथे शोधा.

अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या संग्रहात ते याहून कडक बोलतात. सगळं पूर्वकर्माने होतं, सगळं ईश्वराच्या निर्मितीने होतं, सगळं विनाकारण होतं, या तिन्ही मतांना ते नाकारतात, कारण तिन्ही मतं माणसाचे हात बांधून ठेवतात.

आता एक अडचणीची गोष्ट, जी मी वर्गातही कधी लपवली नाही. मज्झिमनिकायात शुभ नावाच्या ब्राह्मण तरुणाला बुद्ध सांगतात की प्राणहत्या करणारा पुढे अल्पायुषी होतो. हे सूत्र आहे, आणि "मागचं काहीतरी असणार" म्हणणाऱ्याच्या हाती ते सापडू शकतं. परंपरेतले पुष्कळ भिक्खू ते अक्षरशः मानतात. बाबासाहेबांनी मात्र 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धांचा असू शकत नाही अशी भूमिका घेतली. गरीब आणि अस्पृश्य ज्या अवस्थेत आहेत ती त्यांचीच करणी, असं ठरवून मोकळं होण्याचा तो मार्ग होता, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. पण ज्याला हे पटत नाही त्यानेही एवढं पाहावं की शुभाला दिलेली ती शिकवण होती, चांगलं वागायला प्रवृत्त करणारी. मेलेल्या मुलाच्या आईसमोर बसून बुद्ध हे बोलले, असा प्रसंग मला आढळलेला नाही. किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला मोहरी आणायला घरोघर पाठवलं. मुलाने मागे काय केलं होतं, हा विषय निघालाच नाही.

मग तृष्णेचं काय? सारनाथच्या पहिल्या प्रवचनात दुःखसमुदय, म्हणजे दुःखाचा उगम, म्हणून तृष्णाच सांगितली आहे: कामतृष्णा, भवतृष्णा, विभवतृष्णा, म्हणजे भोगाची, असण्याची आणि नसण्याची ओढ. हे खरं आहे, पण तृष्णा साखळीत कुठे बसते ते पाहायला हवं. अजिंठ्याच्या 17व्या लेण्याच्या व्हरांड्यात भवचक्राचं चित्र आहे, बरंच झिजलेलं. विद्यार्थ्यांना मी तिथेच उभं करून प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकावर अवलंबून दुसरं उपजतं ती साखळी, समजावायचो. अविद्येपासून जरामरणापर्यंत बारा कड्या. त्यात स्पर्श आधी, मग वेदना, म्हणजे बरंवाईट जाणवणं, आणि वेदनेनंतर तृष्णा, तृष्णेनंतर उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणं. रूपकाने दुसरीकडे सांगितलंय, ते दोन बाणांचं सूत्र: अंगात एक बाण घुसतो, आणि त्यावर मन दुसरा बाण मारून घेतं. बाळाला फक्त पहिला बाण लागला. तापाच्या त्या बाणात तृष्णेचा काही संबंध नव्हता. तुमच्या बहिणीलाही आधी पहिलाच लागला. दुसरा बाण मात्र तिने स्वतः मारला नाही, तो दोन पाहुण्यांनी मारला.

आणि प्रेम म्हणजेच तृष्णा, म्हणून प्रेम करणं हीच चूक, असं कुणी म्हणेल तर मज्झिमनिकायातलं पियजातिक सूत्र वाचायला हवं. विहारांत ते फारसं सांगितलं जात नाही. श्रावस्तीतल्या एका गृहस्थाचा एकुलता एक मुलगा जातो. त्याला जेवण गोड लागत नाही, काम सुचत नाही, तो स्मशानात जाऊन हाका मारतो, "कहं एकपुत्तक, कहं एकपुत्तक" – कुठे आहेस माझ्या एकुलत्या. तो बुद्धांकडे येतो. बुद्ध म्हणतात, "असंच आहे गृहपती. शोक प्रियातून जन्मतो." त्या माणसाला ते मुळीच आवडत नाही. प्रियातून तर आनंद होतो, असं म्हणून तो उठून जातो आणि बाहेर सोंगट्या खेळत बसलेल्या जुगाऱ्यांकडून आपल्या मताला होकार मिळवतो. सूत्राने हे सगळं नोंदवून ठेवलंय, त्याला मूर्ख म्हटलेलं नाही. पुढे राणी मल्लिका प्रसेनजित राजाला तीच गोष्ट समजावते. "राजकन्या वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिला काही झालं तर तुम्हाला शोक होईल की नाही?" एवढंच. शोक कशातून येतो ते मल्लिका सांगते, वजिरीवर माया करू नका असं म्हणत नाही. आमच्या वस्तीतल्या त्या गृहस्थांनी आईला 'सोड' म्हटलं, तिथे त्यांचं चुकलं. मल्लिकेने सांगितलं तसं कुणी सांगितलं असतं तर आई कदाचित विहारात गेली असती.

आता शेजारच्या बाईंकडे वळू. त्यांच्या ग्रंथात त्यांना आधार आहे का? थोडा आहे, आणि तोच नीट समजून घ्यावा लागतो.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, आदाम आणि हव्वा देवाची आज्ञा मोडतात. मग भूमी शापित होते, काटे-कुसळं उगवतात, घाम गाळून भाकर खावी लागते, बाळंतपणाच्या कळा येतात, मरण येतं. कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला तो अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं की एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. त्यावरून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्माचार्याने आदिपापाचा, म्हणजे आदामाचं पाप सगळ्या मनुष्यजातीला वारशाने येतं हा, सिद्धांत पक्का केला. म्हणजे ख्रिस्ती विचारात दुःखाच्या मुळाशी तुटलेलं नातं आहे: देवाशी, माणसामाणसांत, जमिनीशी. मनुष्यजात अशा तुटलेल्या घरात जन्माला येते. पण याचा अर्थ प्रत्येक आजार म्हणजे त्या घरातल्या कुणाच्या तरी पापाचं बिल, असा होत नाही. ऑगस्टीन स्वतः बाप्तिस्मा न झालेल्या बालकांबद्दल फार कठोर बोलला, हे खरं आहे. पूर्वेकडच्या चर्चनी त्याचं ते म्हणणं तसं स्वीकारलं नाही. त्यांच्या मते वारशाने मर्त्यता येते, अपराध येत नाही. आणि कॅथलिक चर्चही आज सांगतं की आदिपाप ही वारशाने मिळालेली अवस्था आहे, मुलाने केलेलं कृत्य नव्हे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव तिथे सांगतो, ही म्हण यापुढे चालायची नाही, बापाचा दोष मुलाच्या माथी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य येशूला विचारतात, "पाप कुणी केलं? याने की याच्या आईबापांनी?" तुमच्या शेजारणीचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. येशू म्हणतो, यानेही नाही, याच्या आईबापांनीही नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायातला प्रसंग तर मला किल्लारीशिवाय वाचताच येत नाही. यरुशलेमात शिलोहचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली होती. येशू विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी आणि आसपासची गावं खाली आली तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो होतो. सुमारे दहा हजार माणसं गेली. मदतछावणीत प्रत्येक धर्माचा माणूस मला "पाप वाढलं होतं" असं सांगत होता. पण आम्ही ढिगारे उपसले तेव्हा जे दिसलं ते असं: दीड-दोन हात जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. लिस्बनलाही 1755मध्ये सर्व संतांच्या सणादिवशी भूकंप झाला, चर्चमध्ये जमलेले लोक मेले, आणि देवाच्या न्यायाबद्दल युरोपभर वाद पेटला. शिलोहच्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथात आधीपासून असूनही लोकांना तो पुन्हा पडतोच.

ईयोबाची कथा ही तर या प्रश्नावरची सगळ्यांत मोठी कथा. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसतात, आणि खरं तर तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडतात आणि एकच रट लावतात: तू काहीतरी केलं असशील, कबूल कर. ईयोब देवाशीच भांडतो, "मला उत्तर दे." शेवटी देव बोलतो तेव्हा कारण सांगतच नाही. पण अलीफजाला म्हणतो, माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ज्याने भांडण मांडलं तो खरा ठरला, आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते खोटे ठरले.

इथे दोन धर्म खरोखर वेगळे होतात. 'सगळे धर्म एकच सांगतात' हे वाक्य मला मान्य नाही, त्याने दोघांचाही अपमान होतो. बौद्ध विचारात घडवणारा कर्ता नाही, म्हणून "तू हे का केलंस?" असं विचारायला कुणी नाही. तिथे प्रश्न असतो की हे कशावर अवलंबून उपजलं आणि कुठली कडी तोडता येईल. वैद्याने विचारावा तसा. ख्रिस्ती माणसाला मात्र चांगला आणि सर्वशक्तिमान देव मानल्यावर तक्रार टाळताच येत नाही, आणि त्याची गोष्ट अशी की तक्रार हीच तिथे प्रार्थना होते. येशू स्वतः वधस्तंभावर ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तुमच्या परभणीकडे हे परकं नाही. गंगाखेडच्या जनाबाई विठूला कशा शिव्या घालायच्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या आईला मामांनी भांडायची मुभा दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

वासनेबद्दलही असंच. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की तुमच्यातल्या लढाया आणि भांडणं तुमच्या वासनांतून येतात. ते वाक्य पालीत घातलं तर बुद्धांच्या सूत्रांत, सुत्तपिटकात, खपून जाईल. पण ऑगस्टीनला ओढ मुळातच दुःखाचं कारण वाटत नाही. ती चुकीच्या जागी लागली हे त्याला दुःखाचं कारण वाटतं, आणि देवाच्या ठायी ती विसावेल असं तो म्हणतो. बुद्ध असा विसावा दाखवत नाहीत, ते ओढीचीच घडण उकलून दाखवतात.

एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडची, विशेषतः आपल्या भागातली माणसं जवळ आली. दुःखाचं कारण फक्त मनात शोधलं तर दुसऱ्याने लादलेलं दुःख सुटून जातं. 1978मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या; 1994च्या 14 जानेवारीला नामविस्तार झाला. त्या जळालेल्या घरांत तृष्णा होती ती पेटवणाऱ्यांची. सीवकाच्या यादीतला 'बाहेरून झालेला आघात' तो हाच. दीघनिकायातल्या चक्कवत्तिसीहनाद सूत्रात राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य, त्यातून चोरी, त्यातून शस्त्र आणि हत्या अशी उतरंड सांगितली आहे. कूटदंत सूत्रात तर शेतकऱ्याला बी-बियाणं आणि व्यापाऱ्याला भांडवल द्या, असा सल्ला आहे. बाबासाहेबांनी धम्माचा हा भाग मधोमध आणला. तिकडे 1980च्या दशकात अरविंद निर्मळ या ख्रिस्ती विचारवंतांनी दलित ईश्वरविद्या मांडली, तिच्या केंद्रस्थानी दुःख सोसणारा सेवक आहे, वर बसून शिक्षा करणारा नाही. औरंगाबाद लेण्यांत, विद्यापीठामागच्या डोंगरात, सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाभोवती आठ संकटं कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, फुटलेलं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. तिथे हाक मारणाऱ्या एकाही माणसाला त्याचा दोष विचारलेला दिसत नाही.

ताई, आता करायचं काय ते. त्या नातेवाइकाला सीवकाचं सूत्र वाचून दाखवा, भावनेच्या भरात भांडू नका. शेजारणीला तिच्याच बायबलातला योहानाचा नववा अध्याय मोठ्याने वाचायला सांगा. बहुतेक वेळा माणूस स्वतःच थांबतो, आणि ती वाईट बाई असेल असं मला वाटत नाही. बहिणीला यातलं काही वाचायला देऊ नका. तिच्याजवळ बसा, भाकर करा, ती जे चार वेळा सांगेल ते पाचव्यांदाही ऐका. ती जेवत नाही याला किती आठवडे झाले ते मोजा. "मी तरी कशाला राहू" असं तिच्या तोंडून आलं तर वाट पाहू नका, मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्री केंद्रात डॉक्टर का नव्हते याचा लेखी अर्ज तुम्ही स्वतः करा, तिच्यावर तो भार नको.

बाळाचं नाव घरात घेऊ द्या. "आता विषय नको" म्हणणारे खूप भेटतील. आमची आई दर पोळ्याला म्हणायची, "तो आता अमुक वर्षांचा झाला असता." आम्ही भावंडं बोटांवर मोजायचो आणि आकडा चुकला असला तर दुरुस्त करायचो. शेवटच्या वर्षी तिने 43 सांगितलं, ते बरोबर होतं.